पावणेतीन ग्रॅमची अंगठी

सोफ्याच्या कारखान्यात त्याला सगळे दाभण म्हणायचे. अंगाने काटकुळा, उंच, चालताना जरासा पुढे झुकलेला. जाड रेक्झिन शिवायची लांब सुई कशी, एकदा घुसली की पलीकडून बाहेर पडल्याशिवाय राहत नाही, तसा त्याचा स्वभाव. एखादा जुना कोच दुरुस्तीला आला आणि मालक म्हणाले की हा भंगारात काढा, तर दाभण त्याच्यापाशी मांडी घालून बसायचा आणि दोन दिवसांनी त्यावर मालकांनाच बसवायचा. मालक वर कौतुक करायचे आणि पगारवाढीचा विषय निघाला की कानावर हात ठेवायचे.

त्याचं लग्न ठरलं ते एका इस्पितळाच्या धुलाईखात्यात. इस्पितळातल्या बाकांच्या गाद्या नव्याने बसवायचं काम कारखान्याला मिळालं होतं आणि दाभणला जागा दिली होती धुलाईखात्याच्या मागच्या पडवीत. आत वाफेच्या मोठ्या इस्त्रीवर चादरी दाबणाऱ्या बायका, बाहेर ह्याची हातोडी. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातली एक दारात येऊन उभी राहिली.

"खिळे ठोकतोयस की आमच्या डोक्यात मोजून घालतोयस?"

"मोजूनच घालतो. फुकट जात नाहीत."

"मग जेवायच्या सुट्टीत तरी हात आवर. तुझ्यामुळे घास गिळवत नाही."

दाभणने हात आवरला. दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊन दारापाशी येऊन बसला. बाकांचं काम पंधरवड्यात संपायचं ते महिनाभर चाललं, आणि हे मालकांच्या लक्षात येईपर्यंत दोघांचं ठरूनही गेलं होतं.

तिच्या घरी थोरला भाऊ, वहिनी आणि थोरली बहीण. बहीण नवऱ्यासह तिथेच राहायची. दाभण पहिल्यांदा घरी गेला तेव्हा चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि भावाने अंगठीचा विषय काढला. तो विषय निघताच खोलीतल्या सगळ्यांचं बोलणं एकदम थांबलं. थोरली बहीण उठून आत गेली. दाभणला काही कळेना.

बाहेर जिन्यात सोडायला आल्यावर तिने सांगितलं. "ताईची अंगठी हप्त्यावर घेतली होती. भावोजींची नोकरी गेली, हप्ते थकले. एके दिवशी दुकानाचा माणूस दारात आला. सगळी चाळ बघत होती. अंगठी बोटातून निघेना, तर तो म्हणाला, साबण आणा. साबण मीच आणून दिला."

दाभणने तिच्या रिकाम्या बोटांकडे पाहिलं.

"तू मला लोखंडाची अंगठी आणलीस तरी मी घालीन. पण तिच्यावर कोणाचं एका पैशाचंही देणं असेल ना, तर मी बोट पुढे करणार नाही. सगळ्यांसमोर तसाच उभा राहशील."

"सोन्याचीच आणीन," दाभण म्हणाला. "आणि देणं नसलेली आणीन."

"मला सोन्याचा सोस नाही रे."

"मला आहे. ह्या घरात पुन्हा अंगठी येईल ती पहिल्यापेक्षा कमी येणार नाही."

बोलून गेला खरा. घरी येईपर्यंत त्याला आपल्या बोलण्याचं वजन कळलं. पगारातून खोलीचं भाडं, खाणं आणि वडिलांच्या आजारपणात झालेलं कर्ज, ह्यातून उरायचं ते शर्टाच्या वरच्या खिशात मावेल इतकंच. तरी त्याने कंबर कसली. बस सोडली, पायी जायला लागला. सुट्टीच्या दिवशी लोकांच्या घरी जाऊन खुर्च्या दुरुस्त करायला लागला. पैसे एका डब्यात टाकायचा. पाच महिन्यांनी डबा जड लागायला लागला तेव्हा तो छाती काढून सोनाराकडे गेला.

बाजाराच्या मागच्या गल्लीत हे जुनं दुकान होतं. सोनारकाका वयाने साठीच्या पुढचे, एका डोळ्याला भिंग, दुसऱ्या डोळ्याने गिऱ्हाईक जोखणारे. त्यांनी डब्यातले पैसे पाहिले, सोन्याच्या भावाची पाटी पाहिली आणि भिंग कपाळावर सरकवलं.

"काम करणारा हात आहे का?"

"इस्त्रीचं काम करते."

"मग साधारण तीन ग्रॅम लागतील, पातळ अंगठी बाई वाकवून टाकेल. आणि ह्यात येतं दीड. चार महिन्यांपूर्वी ह्याच पैशात पावणेदोन आलं असतं."

"म्हणजे मी इकडे साठवत होतो आणि सोनं तिकडे पळत होतं?"

"पळणारच. ते काय तुझ्यासाठी थांबून राहणार आहे?" काकांनी डबा त्याच्याकडे परत ढकलला, मग काय वाटलं कोणास ठाऊक, पुन्हा ओढून घेतला. "हे बघ, पैसे साठवू नकोस, वजन साठव. आज दीड ग्रॅम घे. पुढच्या पगाराला येशील तेवढ्याचं घे, मग ते गव्हाच्या दाण्याएवढं का असेना. भाव वर जाईल, खाली येईल. घेतलेलं वजन कमी होत नाही."

दाभणला हे एकदम पटलं. इतका साधा हिशेब आपल्याला कसा सुचला नाही ह्याचा त्याला रागही आला. त्याने त्याच दिवशी दीड ग्रॅमची पावती घेतली. काकांनी सोन्याची तार एका पुडीत बांधून तिजोरीत ठेवली.

"घडणावळ वेगळी हं," काका म्हणाले.

दाभण उठायला गेला आणि उठता येईना. दुकानातला गिऱ्हाइकांचा बाक इतका खचला होता की बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीला लागत.

"काका, हा बाक गिऱ्हाईक घालवतोय तुमचं."

"घालवतोय कसला? बसलेलं माणूस उठतच नाही."

"उठत नाही, पण मनात शिव्या देतं. हा बाक आणि ह्या चार खुर्च्या मी नव्या करून देतो. सामान तुमचं, हात माझे. घडणावळ त्यात फिटली."

काकांनी त्याच्याकडे पुन्हा एकदा, ह्या खेपेला दोन्ही डोळ्यांनी पाहिलं. "हे उधारीत मोडत नाही का तुझ्या?"

"नाही. कामाला काम. आणि माझं काम आधी होईल, तुमचं नंतर."

"चालेल. बोटाचं माप घेऊन ये."

माप घ्यायला दाभण संध्याकाळी धुलाईखात्याच्या फाटकाशी उभा राहिला. पाळी सुटली, ती घामाने निथळत बाहेर आली. त्याने खिशातून पायपिंगची दोरी काढली. गादीच्या कडेला कापडात घालून शिवतात ती, पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक.

"हे काय? माझ्या बोटाला कव्हर घालणार आहेस?"

"हात सरळ धर. हलवू नकोस."

त्याने दोरी बोटाभोवती फिरवली, जिथे टोक मिळालं त्याच्या किंचित पुढे खडूने खूण केली आणि खुशीत दोरी खिशात घातली. दुसऱ्या दिवशी काकांनी खुणेपर्यंतची लांबी तेवढी मोजली, ह्याला तीन ग्रॅमच लागतील म्हणाले आणि दोरी नीट न बघताच पुडीत टाकली. घडवायला अजून अवकाश होता.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर दाभण दर पगाराला त्या दुकानात गेला. कधी पाव ग्रॅम, कधी त्याहून कमी. एकदा इतकं थोडं आलं की काका म्हणाले, "हे मी फुंकर मारली तरी उडेल." दाभण म्हणाला, "मग श्वास धरून मोजा." सुट्टीच्या दिवशी तो त्यांचा बाक उसवायचा, पट्टे ताणायचा, खालचा काथ्या बदलायचा. बाक झाला, तीन खुर्च्या झाल्या. पुडीतलं वजन पावणेतीन ग्रॅमवर आलं. अंगठी घालण्याचा दिवस ठरला. पाव ग्रॅमचा प्रश्न होता आणि त्या दिवसाआधी अजून दोन पगार व्हायचे होते.

आणि नेमकी तेव्हाच कारखान्यात मंदी आली. मालकांनी अर्ध्या पगारावर अर्धा दिवस काम दिलं. सोन्याने तेवढ्यात उसळी मारली. दाभण अर्धा पगार घेऊन दुकानात गेला, पाटीकडे पाहिलं आणि पैसे तसेच खिशात परत ठेवले. त्या महिन्याचं भाडंही त्यातूनच जायचं होतं.

"पाव ग्रॅमच आहे ना?" काका म्हणाले. "नंतर दे. तू काय पळून जातोस?"

"नको."

"मी व्याज मागतोय का?"

"तुम्ही मागितलं असतं तर बरं झालं असतं काका. नाही म्हणायला सोपं गेलं असतं."

"मग पावणेतीनातच बसवू, पातळ करून?"

"वाकेल म्हणालात ना तुम्ही?"

"वाकेल."

"मग नको."

"मग काय करू? आकाशातून पाडू?" काका वैतागले. दाभणने शेवटची खुर्ची उलटी केली आणि गुमान खिळे काढायला लागला.

दाभणलाही एक थोरली बहीण होती, त्याच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची. आई गेली तेव्हा दाभण बारा वर्षांचा होता. तेव्हापासून त्याच्या डब्यापासून तापापर्यंत सगळं हिनेच पाहिलेलं. शाळेत कारकून होती. दाभणचा चेहरा बघून तिने दोन मिनिटांत सगळं काढून घेतलं आणि कपाटातून आईची कानातली आणून त्याच्यापुढे ठेवली.

"घे. आटव."

"ती तुझ्या मुलीची आहेत."

"ती सात वर्षांची आहे. तिच्या कानांना इतक्यात काही होत नाही."

"नको ताई."

"नको तर नको. ऊठ, जेवून घे."

ती इतक्या चटकन कशी मानली, ह्याचा दाभणने तेव्हाच विचार करायला हवा होता. पुढच्या रविवारी तो सोनाराच्या दुकानात शेवटच्या खुर्चीला रेक्झिन चढवत होता. काका मजेत होते. म्हणाले, "उद्यापासून तुझी अंगठी हातात घेतो. तीन ग्रॅम पुरे झाले."

"कसे झाले?"

काकांनी जीभ चावली. मग म्हणाले, "बहीण येऊन गेली तुझी. सांगू नका म्हणाली होती."

दाभणने हातोडी खाली ठेवली. "पैसे परत द्या काका."

"अरे, बहीणच ना ती? परकी आहे का?"

"परत द्या."

"हट्टीपणालाही काही हद्द असते बाबा."

"असेल. मला अजून सापडली नाही."

काकांनी पुटपुटत पैसे मोजून दिले. दाभणने खुर्ची पूर्ण केली, कारण अर्धवट काम टाकून जाणं त्याला जमायचं नाही, आणि मग तो घरी गेला. ताई जिन्यातच भेटली, हातात पिठाची पिशवी. त्याने पैसे पुढे केले. तिने ओळखलं.

"मला परकी केलीस?"

"तसं नाही गं."

"मग कसं? मी काय सावकार आहे? चोपडी घेऊन दारात बसणार आहे का तुझ्या?"

"नाहीस, म्हणूनच नको. सावकाराचं फेडता येतं. तुझं कसं फेडू? आधीचंच इतकं आहे." त्याने पैसे आणखी पुढे केले. "तिला मी शब्द दिलाय. तिने विचारलं, अंगठीवर कोणाचं काही देणं आहे का, तर मला नाही म्हणता आलं पाहिजे. खोटं न बोलता."

वरच्या मजल्यावरून कोणीतरी डोकावलं. ताईने त्या दिशेने असं पाहिलं की डोकं लगेच आत गेलं. तिने पैसे घेतले, कनवटीला लावले आणि पिशवी दाभणच्या हातात दिली.

"धर. आणि ऐक. माझे नकोत, काकांचे नकोत, पातळ नको. मग करणार काय? दिवस तर तोंडावर आलाय."

"बघतो."

"बघतो म्हणजे काय ते मला माहीत आहे. भिंतीकडे बघत बसशील. त्यापेक्षा तिच्याकडे जा आणि सरळ सांग, माझ्याकडे पावणेतीन आहे, तीन नाही. ती काय तुला खाणार आहे?"

दाभणला हेच नको होतं. वर्षभर पोटाला चिमटा घेतला तो शेवटी तिच्या दारात हात हलवत उभं राहण्यासाठी? रात्रभर त्याने दुसरी वाट शोधली. एकही सापडली नाही. तिची साप्ताहिक सुट्टी आली तसा सकाळीच तो तिच्या घरी गेला. ती खिडकीशी बसून भावाच्या शर्टाची बटणं लावत होती. दाभण उभ्या उभ्याच बोलायला लागला, नाही तर बोलला नसता.

"तीन ग्रॅमची आणीन असं मनात होतं. पावणेतीनच झालं. पाव ग्रॅम कमी पडतंय. उधार मिळतंय, ते घेणार नाही. ताईने भरले होते, ते परत केले. पातळ केली तर वाकेल. तेव्हा एक तर दिवस पुढे ढकलू, किंवा तू सांग काय करू."

तिने शर्ट मांडीवर ठेवला. "ताईंचे पैसे परत केलेस?"

"हो."

"भांडण झालं?"

"जिन्यात."

तिने सुई शर्टात खोचली. "तीन ग्रॅम कोणी ठरवलं?"

"काकांनी. माझ्या मापाला आणि जाडीला तेवढं लागतं म्हणाले." त्याने खिशातून ती दोरी काढली. शेवटची खुर्ची झाली त्या दिवशी काकांकडून मागून आणली होती, का ते त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. तिने ती घेतली, खुणेवर गाठ धरून बोटात घातली. दोरीचं वेटोळं बोटावरून घरंगळत मुळाशी आलं आणि गरगर फिरलं.

"हे माझं बोट आहे?"

दाभण वाकून बघायला लागला. "मी तुझंच घेतलं होतं. फाटकाशी."

"पाळी सुटल्यावर! अरे शहाण्या, आठ तास वाफेत काढल्यावर माझी बोटं अशी टम्म फुगलेली असतात. संध्याकाळी माझे हातमोजे निघत नाहीत. आणि ही असली जाड दोरी. वर खूणही पुढे केलेली दिसते."

"ती सवय आहे. कव्हर नेमकं मापाचं शिवलं तर बसल्यावर शिवण उसवते. थोडं सैल धरावं लागतं."

"मी बसणार आहे का अंगठीवर?"

आतून तिच्या थोरल्या बहिणीचं हसू ऐकू आलं. दाभण कानापर्यंत लाल झाला. पण त्याचं डोकं आता दुसरीकडेच धावायला लागलं होतं. वेटोळं मोठं, म्हणून तार लांब. तार लांब, म्हणून वजन जास्त.

"चप्पल घाल," तो म्हणाला. "दुकानात जायचंय. आत्ता. बोटं फुगायच्या आत."

"आज सुट्टी आहे. फुगतील कशाला?"

"ऊन आहे बाहेर. सावलीतून चल."

सोनारकाकांनी मापाच्या कड्यांचा जुडगा काढला आणि एकेक कडं तिच्या बोटात घालून पाहिलं. सांध्यावरून जरा जोर देऊन जाईल आणि आत गेल्यावर फिरणार नाही, असं एक सापडलं. मग त्यांनी दाभणची दोरी त्या कड्याशेजारी ठेवली आणि भिंगातून बराच वेळ बघितली.

"ही बोटाची आहे होय? मला वाटलं खुर्चीच्या पायाची."

"तुम्ही तेव्हाच नीट का नाही बघितली?" दाभण म्हणाला.

"तुझ्यासारख्या माणसाचं माप चुकेल असं वाटलं नाही. चूक माझीही आहे, पण अर्धीच."

"पण काका," ती म्हणाली, "संध्याकाळी बोट फुगलं की ही रुतेल ना?"

"कामावर घालतेस का अंगठी?"

"छे. इस्त्रीजवळ धातू चालत नाही. सुपरवायझर फाटकावरच काढायला लावतात."

"मग सुट्टीच्या बोटाचंच माप खरं."

त्यांनी कागदाच्या चिटोऱ्यावर पेन्सिल चालवली. दाभण त्यांच्या हाताकडे बघत होता आणि ती दाभणकडे. काकांनी पुन्हा एकदा आकडे तपासले, पुडीतली तार आणि बाकीचे तुकडे तराजूत टाकले, मग मान वर केली.

"जाडी तीच, रुंदी तीच. आटवतानाची घट धरून पावणेतीनात बसते. गुंजभरही वर लागणार नाही, गुंजभरही उरणार नाही."

"नक्की?"

"माझ्या तराजूवर संशय असेल तर समोरच्या दुकानात मोजून आण."

"आणि घडणावळ?" तिने विचारलं. आवाज करडा होता. "ती कोणी दिली?"

काका हसले. "तू बसली आहेस की तिच्यावर."

तिने खाली पाहिलं. बाक ताठ होता, रेक्झिनला एक सुरकुती नव्हती, कडेची शिवण दोरी लावून आखल्यासारखी सरळ. तिने त्या शिवणीवरून हळूच बोट फिरवलं आणि मग दाभणला म्हणाली, "ह्याचं माप बरं बरोबर घेतलंस."

"बाक फुगत नाही ना," दाभण म्हणाला.

अंगठी वेळेवर झाली. दाभणने पावतीवर 'सर्व रक्कम मिळाली, बाकी नाही' असं लिहून घेतलं आणि खाली काकांची सही घेतली. काका म्हणाले, असली पावती त्यांनी आयुष्यात लिहिली नव्हती. एवढं करून दाभण पावती दुकानातच विसरला. पावती कुठे आहे म्हणून ताई वाटेत ओरडली तेव्हा कुठे त्याला आठवण झाली, आणि तोवर परत जायला वेळ नव्हता.

कार्यक्रम तिच्याच घरी, वीसेक माणसं, खोलीत मावतील तेवढी आत आणि उरलेली दारात. दाभणने डबी उघडली. साधी गोल अंगठी, ना खडा ना नक्षी. त्याने पाठ करून आणलेलं उत्तर जिभेवर तयार होतं. तिचा भाऊ पुढे वाकून बघत होता. सगळं हप्त्यावर घ्यायची वर्षानुवर्षांची सवय, त्याच्या तोंडून निघून गेलं, "छान आहे. हप्ता किती बसला?"

खोली पुन्हा तशीच गप्प झाली. ताईने दाभणच्या पाठीला कोपर टोचलं. दाभणने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी तीच बोलली.

"हप्ता नाही. पूर्ण दिलेली आहे."

तिने बोट पुढे केलं. अंगठी सांध्यावर क्षणभर अडली, दाभणने जरा जोर दिला आणि ती जागेवर बसली. मग तिने दाभणकडे न बघता हात वळवून आपल्या थोरल्या बहिणीपुढे धरला. बहिणीने तो दोन्ही हातांत घेतला, उजेडाकडे नेला आणि कोणी काही बोलायच्या आत आपल्या नवऱ्याला हाक मारली, "अहो, इकडे या. बघा तरी."